मागच्या सीटवरून सटाणा

सटाण्याला जायचं हे ठरलं होतंच, प्रश्न फक्त गाडीचा होता. आमची जुनी हॅचबॅक, आम्ही घेतली तेव्हाही ती दुसऱ्या हातातून तिसऱ्या हातात आली होती. जायच्या आठवडाभर आधीपासून तिच्या मागच्या बाजूने एक आवाज येऊ लागला. खडखड नाही, कुरकुर नाही. शेजारच्या खोलीत कुणी तोंड मिटून गुणगुणत बसावं, तसा. चाळीसच्या पुढे सुरू व्हायचा, साठला स्वर चढायचा, ब्रेक लावला की हळूहळू विरून जायचा.

मी नाशिकला, सातपूरच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये तयार झालेले सुटे भाग मोजमापात बसतात की नाही ते तपासतो. त्यामुळे असेल किंवा स्वभावच तसा म्हणून असेल, पण एखादा आवाज कशाचा आहे हे कळल्याशिवाय मला झोप लागत नाही. रस्त्यावर गाडी न्यूट्रलला टाकून पाहिली, आवाज तसाच. म्हणजे इंजिनाचा नाही. टायर घासले असतील म्हणून मागचे पुढे आणि पुढचे मागे करून घेतले. आवाज मागेच राहिला, म्हणजे टायरचाही नाही. उरलं चाकाचं बेअरिंग. पण डावं की उजवं? चालवणाऱ्याला ते कळत नाही, सगळा आवाज एकत्र होऊन पाठीमागून येतो. त्यासाठी कुणीतरी मागे बसून कान लावायला हवा.

"मग मी चालवते, तुम्ही बसा मागे," अश्विनी म्हणाली.

अश्विनी म्हणजे माझी बायको. तिचं माहेर सटाण्याच्या पुढे, ताहाराबाद रस्त्यावरून आत गेलं की लागणाऱ्या एका गावात. लायसन्स काढून तिला वर्ष झालं होतं, पण कॉलेज रोडच्या पुढे तिने गाडी नेली नव्हती. तिचे वडील, नाना, आमच्या गाडीत एकदाही बसले नव्हते. मी कितीदा म्हटलं, चला, देवळापर्यंत सोडतो. दर वेळी त्यांचं उत्तर एकच. ते लेकीकडे बघून त्यांच्या अहिराणीत म्हणायचे, "तू चालाडशी तवय बससू." तू चालवशील तेव्हा बसेन. ते हसून म्हणायचे, पण बसायचे नाहीत. आणि या खेपेला अश्विनीने फोनवर सांगून टाकलं होतं की येताना गाडी मी आणणार आहे.

त्यामुळे माझी अडचण दुहेरी होती. बेअरिंग खरंच गेलं असेल तर शहाण्या माणसाने गाडी घरी ठेवून एसटीने जावं. नानांना आता काय सांगायचं, हे मात्र मला सुचत नव्हतं. शेवटी असं ठरलं की हायवे मी चालवायचा, हळू चालवायचा, आणि सोग्रस फाट्यापासून गाडी तिच्या हातात.

फेब्रुवारीतला रविवार. उजाडता उजाडता निघालो. द्वारकेचा पूल मोकळा होता, आडगावच्या पुढे शेतांवर धुकं अंथरलेलं. ओझरला विमानतळाच्या बाजूने एक विमान अगदी खालून आलं आणि थोडा वेळ आमच्या गाडीचा आवाज त्याच्यात बुडून गेला. विमान दूर गेल्यावर गुणगुण पुन्हा वर आली, मध्ये काहीच झालं नाही अशी. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की हा आवाज काही इतका वाईट नाही. मग लगेच वाटलं की असं वाटणं धोक्याचं आहे.

जाणाऱ्यांसाठी सांगतो: पिंपळगाव बसवंतच्या टोलनाक्यावर रविवारी सकाळी गर्दी नसते. त्याच्या अलीकडे रस्त्यालगत द्राक्षांच्या पेट्या घेऊन लोक बसलेले असतात. भाव करायला लाजू नका, पण पेटीच्या तळाचा घड काढून बघा. चहा आणि कांदाभजी आम्ही वडाळीभोईच्या जवळ घेतली. भजी गरम होती आणि मिरची न मागता मिळाली. सातपूर ते सटाणा साधारण शंभर किलोमीटर धरा, थांबत गेलं तरी तीन तास पुरे.

सोग्रस फाट्याला हायवे सोडला. गाडी बाजूला घेतली आणि किल्ली तिला दिली. तिने सीट पुढे ओढली, आरसे स्वतःच्या मापाने फिरवले. मी मागे डावीकडे बसून पट्टा लावला. स्वतःच्याच गाडीच्या मागच्या सीटवर मी कधी बसलोच नव्हतो. तिथून गाडी वेगळीच दिसते. समोर तिची वेणी, आरशात तिचे डोळे, आणि रस्ता असा सरकतो की आपल्याला त्याचं काही करायचं नाही.

भावडबारीच्या घाटात माझं खरं काम होतं. उजवं वळण आलं की गाडीचा भार डाव्या चाकांवर जातो, डावं आलं की उजव्या. ज्या वळणाला आवाज वाढेल, त्याच्या उलट बाजूचं चाक. कागदावर हे सोपं आहे. पण पुढे कांद्याने भरलेला ट्रॅक्टर होता, त्याच्यावर स्पीकर होता, मागे एसटी हॉर्न देत होती, आणि माझा उजवा पाय नसलेल्या ब्रेकवर दाबून दाबून दुखायला लागला होता.

"काही कळलं का?" तिने विचारलं.

"उजव्या वळणाला वाढला बहुतेक."

"बहुतेक?"

"तू पुढे बघ."

"पुढेच बघतेय. मागून श्वास सोडल्यासारखा आवाज येतोय, तो पण बेअरिंगचा का?"

ट्रॅक्टरच्या मागे ती शांतपणे चालत राहिली, घाट संपला, रस्ता रुंद झाला, तेव्हा इंडिकेटर देऊन पुढे निघाली. ट्रॅक्टरवरच्या बाईने वरून वाकून पाहिलं आणि तोंडाला पदर लावून हसली. देवळ्याच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कांद्याची शेतं, मध्येच डाळिंबाच्या बागा, लांब डोंगरांची निळी रांग. ऊन अजून कोवळं होतं. माझा पाय कधी सैल झाला ते मला कळलं नाही.

गावात शिरताना तिने काच खाली केली. दारात गाडी उभी राहिली तेव्हा सासूबाई हातातलं सूप तसंच धरून बाहेर आल्या. नाना शेतावर होते. ते आले, तेव्हा त्यांनी आधी स्टिअरिंगच्या मागची सीट पाहिली, मग तिच्या हातातली किल्ली, मग मला विचारलं की प्रवास बरा झाला ना. वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी असं जेवण झालं. कळणा म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेलं पीठ. त्या भागात गेलात तर ही भाकरी मागून खा.

जेवण झाल्यावर अश्विनीने किल्ली वाजवली. "चला नाना, शेतापर्यंत."

नाना टोपी नीट करत म्हणाले, "आख्खं गाव दखी." सगळं गाव बघत बसेल. आणि ते पान लावायला बसले. तिचा चेहरा उतरला. मला वाटतं, ते टाळत नव्हते, त्यांना खरोखर लाज वाटत होती.

विषय बदलावा म्हणून मी गाडीच्या आवाजाबद्दल सांगितलं. म्हटलं, नक्की करायला मोठं मोकळं मैदान पाहिजे, डावीकडून आणि उजवीकडून गोल फिरवून बघता येईल असं. बेअरिंग गेलं असेल तर मात्र गाडी इथेच ठेवावी लागेल, संध्याकाळी आम्ही एसटीने जाऊ.

नाना पान चावत विचार करत राहिले. मग म्हणाले, कांदा मार्केट आहे की. रविवारी लिलाव बंद, आवार रिकामं. वॉचमन ओळखीचा आहे, पण मी असल्याशिवाय तो आत सोडणार नाही. एवढं बोलून ते उठले, चपला घातल्या, आणि जणू फक्त वॉचमनसाठी म्हणून गाडीत मागे उजवीकडे जाऊन बसले. अश्विनीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पटकन गाडी सुरू केली.

मार्केटच्या फाटकापाशी वॉचमन खुर्चीत बसून मोबाइल बघत होता. नानांना मागच्या सीटवर पाहून तो उठला. "काय नाना, आज गाडीना लिलाव शे का?"

"नै रे भाऊ, गाडीना आवाज ऐकाले उनूत." गाडीचा आवाज ऐकायला आलोय.

वॉचमनने एकदा नानांकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि फाटक उघडलं. शेतकरी इथे रोज काय काय घेऊन येतात, त्यात एक आवाज.

ते आवार मी विसरणार नाही. एरवी तिथे ट्रॅक्टरच्या रांगा, माणसं, आरडाओरडा असतो. त्या दुपारी तिथे कुणीच नव्हतं. लांबरुंद काँक्रीट, वर आभाळ, आणि जमिनीवर सगळीकडे लाल कांद्याची सालं. वाऱ्याने त्यांचे थर झाले होते, कडेला गडद, मध्ये विरळ. अश्विनीने गाडी मध्यावर आणली. मी पट्ट्यासकट जमेल तेवढं वाकून, चाकाचा फुगवटा जिथे आत येतो तिथे कान टेकवला.

पहिली फेरी डावीकडून. सालं चाकांखालून उठली आणि खिडक्यांच्या बाहेर तरंगायला लागली, पातळ, गुलाबी, उन्हात आरपार दिसणारी. गुणगुण खाली खाली जात जवळपास थांबली. मग तिने मोठं वळण घेऊन दिशा बदलली. दुसरी फेरी उजवीकडून. आणि माझ्या कानाच्या अगदी खाली तो आवाज उठला, भरलेला, खरबरीत, स्पष्ट. डावं मागचं चाक. शंका राहिली नाही.

आता मी "थांब" म्हणायला हवं होतं. वेग तीसच्या आसपास होता, गाडी लगेच बंद पडणार नव्हती. तरी माझ्या स्वभावाने मी तेव्हाच थांबवलं असतं. मी मान वर केली. नानांनी खिडकीवरची मूठ धरली होती. दुसऱ्या हाताने ते बाहेर दाखवत होते: इथे आपला ट्रॅक्टर उभा असतो, तिथे व्यापारी येतात, त्या खांबापाशी मी एका पावसात गोणपाट पांघरून झोपलो होतो. ते बोलत माझ्याशी होते, पण बघत आरशात होते. आरशात अश्विनीचे डोळे होते, ती रस्त्याकडे बघत होती, जिथे रस्ता नव्हताच. सालं काचेवर येत होती आणि सुटून मागे जात होती.

मग नाना हळूच म्हणाले, "आखो एक चक्कर मार, माय." अजून एक चक्कर मार. लेकीला माय म्हणायची तिकडची पद्धत आहे.

मी पुन्हा खाली वाकलो. आवाज तर मला कळलाच होता. पण मान खाली असली की मला काही बोलावं लागत नव्हतं. डोळे मिटले. गाडी गोल फिरत राहिली, गुणगुण चालू राहिली, आणि मला काही वेळ असं वाटलं की हे चाक आम्हाला कुठेच नेत नाहीये आणि तरी आम्ही खूप लांब आलो आहोत. किती फेऱ्या झाल्या ते मी मोजलं नाही. मी सहसा मोजतो.

तिथून सटाण्यात एक गॅरेज उघडं मिळालं. मेकॅनिकने गाडी जॅकवर घेतली, उजवं चाक हाताने फिरवलं, ते गुपचूप फिरलं. डावं फिरवलं, ते दळणासारखं वाजलं. पार्टचं दुकान सोमवारीच उघडणार होतं. गाडी तिथेच ठेवून आम्ही रिक्षाने गावी परतलो. माझी सोमवारची ड्युटी बुडाली, फोन करून सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नवं बेअरिंग बसलं. खर्च माझ्या भीतीपेक्षा कमी झाला. या बाबतीत वाचणाऱ्यांना एकच सांगतो: असा आवाज आला तर माझ्यासारखं शंभर किलोमीटर कान लावत जाऊ नका, आधी चाक उचलून फिरवून बघा.

निघताना नानांनी अर्धी गोणी कांदा डिकीत ठेवला. मी ती मधोमध सरकवायला गेलो, तर त्यांनी हात धरला आणि गोणी स्वतः उजव्या कडेला लावली. म्हणाले, डावीकडे नको, ते चाक कालपर्यंत आजारी होतं. नवं बसवलंय म्हणून सांगितलं. तरी गोणी उजवीकडेच आली.

परतीला पूर्ण रस्ता अश्विनीने चालवला, हायवेसुद्धा. मी सवयीने मागे डावीकडे बसलो. गाडी इतकी गप्प होती की मला चुकल्यासारखं वाटत होतं. आडगावच्या जवळ दिवे लागले होते, तेव्हा ती आरशात न बघता म्हणाली, "दुसऱ्याच फेरीत कळलं होतं ना तुम्हाला?"

"कशावरून?"

"त्यानंतर तुम्ही कान टेकवला नव्हता. नुसते वाकून डोळे मिटून बसला होता."

"मग तू का नाही थांबलीस?"

तिने इंडिकेटर दिला, लेन बदलली, मग म्हणाली, "तुम्ही थांब म्हणाला नाहीत."

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. एसी लावला की अजून अधूनमधून एखादं गुलाबी साल जाळीतून उडून येतं. आवाज पुन्हा आलेला नाही. ती चालवत असली की मी अजूनही मागेच बसतो, डावीकडे. तिच्या शेजारची सीट रिकामी असते. परवा आमच्या गल्लीतल्या एका आजोबांनी हात दाखवून गाडी थांबवली आणि तिला विचारलं, नाशिक रोडला जायचे किती घेशील? तिने मागे बोट दाखवून सांगितलं, "आधी हे उतरले पाहिजेत, काका. पण हे उतरत नाहीत."