पंपघरातली तान

नगरपालिकेच्या तरण तलावावरचे पंपवाले काका बावीस वर्षं पंपघरात गळा फाडून गात आले. जुना पंप असा धडधडायचा की स्वतःचं गाणं त्यांनाही ऐकू येत नसे. म्हणूनच आपण सुरात गातो, याची त्यांना पक्की खात्री होती.

सोमवारी वीज वाचवणारा नवा पंप बसला. तो इतका गुपचूप चालायचा की काकांनी दोनदा हात लावून खात्री केली, आणि खुशीत येऊन नेहमीसारखी दणदणीत तान ठोकली. पाण्यातली मंडळी जागच्या जागी थबकली, मग टाळ्यांचा कडकडाट झाला. काका लाजत दाराशी आले.

साठीनंतर पोहायला शिकलेल्या आजी काठावरून ओरडल्या, "पंप झकास बदललात हो! आता गवई कधी बदलताय?"