बाही एकदाच बेतायची

आमच्या अक्का गेल्या त्याला आता दीड महिना होईल. अक्का म्हणजे माझ्या यजमानांच्या थोरल्या बहीण, धुळ्याच्या. त्या जायच्या अठरा दिवस आधी मी जळगावहून एसटीनं त्यांना भेटायला गेले होते. खरं तर एकच वाक्य बोलायला गेले होते. पंचवीस वर्षं ते तोंडात धरून ठेवलं होतं, सुपारीसारखं... ना गिळता येत होतं, ना थुंकता. दोन तास बसले. माझे गुडघे झाले, त्यांचा दमा झाला, यंदाची भरताची वांगी कशी बियाळ निघाली तेही झालं. शेवटी धीर करून म्हटलं, "अक्का, तो पुण्याचा माणूस आला होता ना आपल्याकडे... तेव्हाचं..." अक्कांनी माझ्या हातातल्या बशीकडे बोट केलं. "चहा थंडा व्हई राहिना, सुमन." आणि मी चहा प्याले! जन्मात कधी त्यांचं ऐकलं नाही, ते नेमकं त्या दिवशी ऐकलं. चहा संपवून, नमस्कार करून, साडेचारची गाडी पकडून परत आले. मग रेखाचा, त्यांच्या लेकीचा, फोन आला. मी काही बोलायच्या आधीच तिला रडू फुटलं होतं, त्यामुळे ती काय सांगणार ते मला तिनं न सांगताच कळलं.

ते वाक्य काय होतं ते सांगायचं तर त्या काळातली मी तुम्हाला दाखवावी लागेल, आणि ते काम फारसं सुखाचं नाही. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मी पुण्याला चार महिने राहून वेबपेज करायला शिकून आले आणि जळगावात घराच्या पुढच्या खोलीत दुकान थाटलं. दारावर पाटी लावली, 'वेबपेज करून मिळतील'. पहिल्या आठवड्यात एकानं विचारलं, "बाई, ते भिंतीला लावायचं असतं का दाराला?" मी त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी काल अमेरिकेहून उतरले होते. कॉम्प्युटरला क्रोशाचं झाकण, खोलीत चपला आणायच्या नाहीत, रोज उदबत्ती. गळ्यात साखळीचा चष्मा. तो नंबरचा नव्हता हे आज सांगायला हरकत नाही. लोकांनी 'मॅडम' म्हणावं म्हणून मी स्वतःच फोन उचलून "मॅडम बोलतेय" म्हणायची. अशी बाई समोर आली तर आज मी रस्ता बदलीन.

त्याच सुमारास अक्का आमच्याकडे राहायला आल्या. अक्कांचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, रेखा नाशिकला हॉस्टेलवर होती, आणि अक्का धुळ्यात ब्लाउज शिवत एकट्याच राहत होत्या. यजमानांनी बळेच आणलं. येताना त्यांनी शिलाई मशीन आणलं नाही, पण वर्तमानपत्राचे कापलेले कागद, ते पेपर कटिंग, मात्र पिशवी भरून आणले. बाहीचे चार, गळ्याचे सात, पाठीचे तीन. अख्ख्या गल्लीचे ब्लाउज त्या चौदा कागदांतून निघत. मी हसले होते. म्हटलं, "अक्का, रद्दी कशाला आणली?" त्यांनी पिशवी खुंटीला अडकवली. दुपारी माझ्यामागे स्टूल टाकून बसायच्या आणि मी काय करते ते बघत राहायच्या. मला वाटायचं, बिचारीला विरंगुळा.

माझी कामाची रीत अशी : नवं गिऱ्हाईक आलं की जुन्याचं पान अख्खं उचलायचं, नक्कल करायची आणि नाव, गाव, फोटो बदलत बसायचं. रावेरच्या एका केळीवाल्याचं पान केलं होतं, ते उचलून धुळ्याच्या एका साड्यांच्या दुकानाचं केलं. सगळं बदललं, पण खालचा मागणीचा फॉर्म बदलायचा राहून गेला. चार दिवसांनी दुकानाच्या मालकांचा, नानांचा, फोन. "मॅडम, एक विचारू का? आमची लुगडी कच्ची पाठवायची का पिकलेली? आणि एका घडात किती बसतात?" मी फोन ठेवला आणि यजमानांवर ओरडले, कारण दुसरं कुणी हाताशी नव्हतं.

मागून स्टुलावरून आवाज आला, "हाई बठ्ठं परत परत कसाले लिखस तू?" मी म्हटलं, "सगळं परत परत लिहावंच लागतं, असंच असतं अक्का ते. तुम्हाला नाही कळायचं." "बाही तीच शे ना? मंग ती एकदाच बेत. गळा तेवढा बदल." दुसऱ्या दिवशी दुपारी मी झोपले असताना अक्का माझ्या खुर्चीवर बसल्या. सातवीपर्यंत शिकलेली बाई. इंग्रजी अक्षरं सुईत दोरा ओवावा तशी एकेक करून टाइप करायची. माझी पुस्तकं चाळून, मला आडून आडून विचारून त्यांनी दीडेक महिन्यात पानाचे तुकडे पाडले. वरची पट्टी वेगळी, बटणं वेगळी, मागणीचा फॉर्म वेगळा, तळाचा पत्ता वेगळा. प्रत्येक तुकडा एकाच फाइलमध्ये, एकदाच लिहिलेला. पानात फक्त एक ओळ : तो तिथून आण. गिऱ्हाइकाचं नाव आणि रंग तेवढा बाजूला लिहायचा. पुढे गावातल्या फोन नंबरांना एक आकडा वाढला. प्रत्येक पानाच्या तळाशी आमच्या दुकानाचा नंबर होता, तेव्हा माझ्या रीतीनं पन्नासेक पानं उघडून बसावं लागलं असतं. अक्कांनी एका फाइलमध्ये एक आकडा घातला आणि भाजी निवडायला गेल्या. चोपड्याची कापसाची जिनिंग मिल, रावेरची केळी, नानांची लुगडी, सगळी पानं एकदम सुधारली... मी तोंड उघडं टाकून बघत होते. कौतुक मात्र केलं नाही.

मग तो माणूस आला. मूळचा दोंडाईचाचा, पुण्यात त्याची कॉम्प्युटरची कंपनी होती. चोपड्याच्या जिनिंगवाल्यांकडे लग्नाला आला असताना त्यांनी कौतुकानं आपलं पान दाखवलं, तर तो ते आतून उघडून बसला आणि दुसऱ्या दिवशी सरळ जळगावला आमच्या दारात. चपला बाहेर काढल्या, खुर्चीत बसला आणि म्हणाला, "आमच्याकडे इंजिनिअर आहेत, पण हे असे तुकडे पाडायचं डोकं कुणाला नाही. हे ज्यांनी केलंय त्यांना मी न्यायला आलोय. पुण्यात राहायची सोय माझी. कुणी केलं हे?"

अक्का चहाचा ट्रे घेऊन आतल्या दारात उभ्या होत्या. मी त्यांना पाहिलं. खरंच पाहिलं, पाहिलं नाही असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. आणि चष्मा नाकावर सारून म्हटलं, "मीच. मीच केलं."

त्याहून मजा पुढे. ती नोकरी मला करायचीच नव्हती. घर, यजमान, दुकान सोडून मी कशाला जाऊ? मी मोठ्या तोऱ्यात नकार दिला. तो हळहळत गेला. म्हणजे मी अक्कांच्या हातातलं ताट ओढलं आणि स्वतःही जेवले नाही. अक्कांनी त्याच्यापुढे कप ठेवला होता, विचारलं होतं, "साखर बरोबर शे ना, भाऊ?" बस, तेवढंच. पुढच्या महिन्यात त्यांनी कागदांची पिशवी भरली आणि धुळ्याला परत गेल्या. भावानं कारण विचारलं तर म्हणाल्या, "मशीन गंजी जाई." कॉम्प्युटरला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. त्यांनी पाडलेल्या तुकड्यांवर मी पुढे सहा वर्षं दुकान चालवलं.

गेल्या दिवाळीत माझी नात, जी पुण्यात हेच काम करते, मला समजावून सांगत होती. "आजी, बटण, फॉर्म, मेनू एकदाच बनवायचा आणि सगळीकडे वापरायचा. याला कॉम्पोनंट म्हणतात." मी म्हटलं, "आमच्या अक्का याला बाही म्हणायच्या." ती हसली. तिला वाटलं, आजीचा नेहमीचा वात्रटपणा. म्हणून तर मी एसटीत बसले होते... आणि चहा पिऊन परत आले होते.

तेराव्याला पाहुणे पांगल्यावर रेखाला आतल्या खोलीत नेलं आणि सगळं सांगितलं. एकही शब्द न गाळता, चष्म्यासकट. मला वाटलं होतं, ती रडेल, नाहीतर म्हणेल जाऊ द्या मामी. तिनं दार लोटून घेतलं. मग म्हणाली, "तेव्हा मी आईशी भांडले होते, मामी. चांगलं शिकत होतीस, मशीन गंजतं म्हणून का परत आलीस, असं म्हटलं. ती म्हणाली, ते मशीनचं भाऊला सांगायला. खरं म्हणजे तो कॉम्प्युटरचा पडदा बघून माझे डोळे जाऊ लागले. मी मग कधी विचारलं नाही." पुढे म्हणाली, "डोळ्यांना काही झालं नव्हतं हो तिच्या."

खिडकीशी अक्कांचं मशीन होतं. त्याच्या बाजूला, खिळ्याला लटकवलेली, चिंधीची छोटी उशी. गल्लीतल्या म्हाताऱ्यांना दोरा ओवता येत नाही म्हणून अक्का रोज सकाळी सात-आठ सुया ओवून तिच्यात खोचून ठेवायच्या. ज्या बाईला लागेल तिनं येऊन न्यावी. गेल्या त्या दिवशीही ओवल्या होत्या. तेराव्याच्या दिवशी उशीत पाच उरल्या होत्या, पांढऱ्या दोऱ्याच्या. मी बसलेली असतानाच शेजारची आजी दारात आली आणि सवयीनं म्हणाली, "रेखा, एक सुई दे वं माय." रेखा उठली. आईनं ओवलेल्या त्या पाच सुयांना हात लावला नाही. डब्यातून नवी सुई काढली, रीळ घेतलं आणि उजेडाकडे तोंड करून दोरा ओवू लागली. तिला जमेना. मी हात पुढे केला, तर तिनं सुई माझ्याकडे दिली नाही.