शिट्टीतला राग

आमच्या गावाजवळ, पूर्णेच्या अलीकडच्या रेल्वे फाटकावर एक गेटमन होता. शाळेत शिकवायला जाताना मी रोज तिथं सायकल थांबवायचो. समोरच्याच्या मनातलं आपल्याला कळतं, याची त्याला पक्की खात्री होती. आणि कळायचं ते एकच, की तो आपल्यावर रागावलाय.

“मास्तर, काल घंटी दोनदा वाजवली तुमी. काई चुकलं का माजं?”

इंजिनाची शिट्टी लांबली की त्याला ड्रायव्हरचा राग ऐकू यायचा. एकदा सिग्नलला गाडी थांबली, तर हा भाकर-ठेचा घेऊन इंजिनापाशी माफी मागायला गेला. ड्रायव्हर म्हणाला, “अरे, फाटक आलं की शिट्टी द्यायचा नियमच हाय.”

परत येऊन मला म्हणतो, “लय मोठ्या मनाचा माणूस. राग गिळला अन् नियमाचं नाव सांगितलं.”

तेव्हापासून मी त्याला समजावणं सोडलं.

नामांतराच्या दिवसांत आमच्या गल्लीतल्या लोकांनी दलित वस्तीतली घरं जाळली. मी दार लावून आत बसलो होतो. नंतर वस्तीतली माणसं फाटकावर कुणाशीच बोलेनात. आपलंच चुकलं असं यानं धरलं आणि मला सोबत घेऊन वस्तीत माफी मागायला गेला.

जळक्या दारात बसलेली म्हातारी म्हणाली, “तुजं काई न्हाई चुकलं, बाबा. ज्यांचं चुकलं त्यांतलं कुणी अजून आलं न्हाई.”

बोलत ती त्याच्याशी होती, बघत माझ्याकडे होती. त्या नजरेचा अर्थ मला कुणाला विचारावा लागला नाही.