काकाच्या अक्षराची शेपटी

काळाकुट्ट पडदा… आधी नुसता वारा घुमायचा, मग कुठेतरी दार करकरायचं, आणि त्या अंधारातून नावांची लालभडक अक्षरं ओघळत खाली उतरायची. भूत अजून दिसलेलंही नसे, तरी बिड्यांच्या धुरात आणि संत्र्याच्या सालींच्या वासात आम्हा पोरींचे तळहात घामेजून जात. सिनेमाच्या या पाट्यांवर माझा भारी जीव. पुढची गोष्ट पुष्कळदा भिकार निघे, पण भीती मात्र पाट्यांनीच पेरून ठेवलेली असे.

हे वेड मला काकूकडून लागलं. तिला अक्षरओळख नव्हती, पण काकाचा हात ती ओळखे. सौंसरात दुकानांच्या पाट्या रंगवणारा आमचा काका सिनेमाची अक्षरं लिहायला म्हणून मुंबईला गेला आणि पुन्हा त्याचा पत्ता लागला नाही. त्याची शिरोरेघ शेवटाला वासराच्या शेपटीसारखी वर उडे… काकू प्रत्येक सिनेमात ती शेपटी शोधत बसायची.

बारा वर्षं माणूस बेपत्ता राहिला की त्याचा दर्भाचा पुतळा करून जाळायचा, अशी आमच्याकडची रीत. काकाची बारा वर्षं भरत आली, तसं आजोबांनी येत्या पितृपक्षात ते उरकायचं ठरवलं. नेमका तेव्हाच संत्र्यांचा एक दलाल नागपुरात नवा भुताचा सिनेमा पाहून आला आणि काकूला म्हणाला, "वैनी, पाट्या तुमच्याच मानसाच्या हातच्या दिसून राहिल्या."

आजोबांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "सूनबाईनं सोताच्या डोयानं पाह्यलं न हात त्याचाच निंगाला, त पुतळा नाही जाळत."

तोवर सिनेमा नागपुरातून उतरला होता. पांढुर्ण्याला लागला तो पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गोटमारीच्या गर्दीसाठी, तेवढ्या एका दिवसापुरता. काकू मला घेऊन बसने गेली. जाम नदीत सावरगाव आणि पांढुर्णा दिवसभर एकमेकांवर दगड भिरकावून दमलेले. डोक्याला फडकी बांधलेली माणसं हळदीचा आणि रक्ताचा वास घेऊन खुर्च्यांत कोंबलेली. दिवे मालवले. काकूनं माझं मनगट घट्ट धरलं… आणि वारा नाही, दार नाही — पडद्यावर एकदम मारामारीच सुरू झाली. जादा खेळ बसवायचा म्हणून पाट्या गाळल्या होत्या.

काकू उभी राहिली. "भाऊ, सुरवातीपासून लावा ना जी!"

"गोटे खाऊन आलेल्या मानसायले पाट्या दाखवू का, बाई?" मॅनेजर दारातून ओरडला. अख्खी टॉकीज हसली. कुणीतरी तिच्या अंगावर शेंगांची टरफलं फेकली. त्या हसण्याची मला आजही चीड येते.

घरी येऊन काकूला खोटं बोलता आलं असतं. ती बोलली नाही. "पाट्या दिसल्याच नाही," एवढंच म्हणाली. आजोबांनी शब्द पाळला. पितृपक्षात पुतळा जळाला, काकूचं कुंकू पुसलं गेलं, आणि आम्हा पोरांना जिलबी मिळाली.

परवा तो सिनेमा मला मोबाइलवर सापडला. वारा, दार, अक्षरं… आणि प्रत्येक नावाच्या शेवटी वर उडालेली ती शेपटी! मी तशीच सौंसर गाठलं. काकूनं मोबाइल डोळ्यांशी धरला, खूप वेळ पाहिलं, शेपटीवरून हळूच बोट फिरवलं. बोट लागलं तसं चित्र पुढे सरकलं आणि थेट मारामारी सुरू झाली.

"थांब काकू, मागं घेते."

"नको घेऊ मागं." तिनं मोबाइल माझ्या हातात दिला. "जाळला तवा जित्ता होता तो."