आत ठेवलेलं कापड

सुतळी काहीतरी बोलला आणि मास्तरांची बायको हसली. पडद्यामागे खुर्चीत बसलेल्या मास्तरांनी ते हसू कान देऊन ऐकलं आणि गिऱ्हाइकाची छाती मोजावी तसं मनातल्या मनात मोजलं. कालच्यापेक्षा लांब होतं.

शिवणकामाचं दुकान पुढे, घर मागे आणि मधे एवढाच एक पडदा. सुतळी हा दुकानात कापड कापणारा कटर. शिकायला आला तेव्हा नुसता उंच आणि बारीक होता, म्हणून मास्तरांनीच त्याला हे नाव दिलं. आता कानांवरचे केस पिकले तरी नाव काही सुटलं नाही. कापायचं टेबल, लाकडी पट्टी, मोठी कात्री, एकेकाळी मास्तरांची असलेली प्रत्येक वस्तू आता त्याच्या हाताखाली होती. बायको तेवढी राहिली होती, असं मास्तरांना वाटे. आणि ती तर दिवसभर त्याच्याच समोर बसून काजं करत होती.

मास्तरांच्या कोटाची एक खूण होती. बाहेरून तो अंगाला बेतल्यासारखा बसे, पण शिवणीच्या आत ते भरपूर कापड ठेवत. कोट घेऊन गेलेला माणूस काही वर्षांनी पोट घेऊन परत आला, की मास्तर शिवण उसवत, आतलं कापड बाहेर काढत, आणि कोट पुन्हा नव्यासारखा बसे. ‘माणूस वाढतो, आत ठेवा,’ हे सुतळीने त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं होतं, की पाठ फिरली की तो त्यांची नक्कल करून दाखवी.

मग मास्तरांचा उजवा अंगठा थरथरू लागला. पुढे मनगट, पुढे पाय जड. डॉक्टरीणबाईंनी पार्किन्सनचं निदान केलं, गोळी कमी ताकदीपासून सुरू केली आणि हळूहळू वाढवत नेली. ही गोळी पोटात दिवसभर सावकाश विरघळते, म्हणून ती अख्खी गिळायची, चावायची नाही, तोडायची नाही, आणि मनाने कमीजास्त किंवा बंद तर मुळीच करायची नाही, हे त्यांनी बजावलं. अचानक झोप आली किंवा उठताना चक्कर आली तर सांगायचं. शिवाय स्वभावात काही बदल वाटला, उधळेपणा, जुगाराचा नाद, कसला संशय, तर न लाजता सांगायचं. मास्तरांनी मान डोलावली. हाताच्या औषधाचा स्वभावाशी काय संबंध, असं मात्र त्यांच्या मनात आलं, आणि ती गोष्ट ते तिथेच विसरले.

गोळी लागू पडली. खडूची रेघ सरळ येऊ लागली. कात्री मात्र अजून हट्टाला पेटली होती. तेव्हा मास्तरांनी विचार केला, की बाईंनी माप जरा अंगाबरोबरच धरलंय. आधीच्या, कमी ताकदीच्या गोळ्यांच्या काही पट्ट्या कपाटात उरल्या होत्या. धागे कापायच्या लहान कात्रीने त्यांनी त्यातली एक गोळी नीट मधोमध कापली आणि रोजच्या अख्ख्या गोळीसोबत तो अर्धा तुकडाही घेतला. आत थोडं जास्त असलेलं बरं. आयुष्यभर त्यांनी हेच केलं होतं.

काय हात चालला त्या दिवशी! सुतळी जेवायला गेलेला पाहून त्यांनी एका कोटाचा पुढचा भाग स्वतः कापून टाकला. त्यानंतर अर्धा तुकडा रोजचाच झाला, आणि हळूहळू मास्तरांना गोष्टी दिसायला लागल्या.

बायकोच्या गळ्यात सुतळीची टेप. तिच्या केसांत राखाडी धागा, आणि राखाडी सूट तर सुतळीच्या हातात. ती पाणी प्यायली की तोही पाणी पितो. मास्तर पडदा सारून बाहेर आले, की दोघांची कुजबुज दोरा तुटावा तशी थांबते. एकेक गोष्ट म्हणजे काहीच नाही, पण सगळ्या एकत्र टाचल्या की चांगला अंगभर कोट होत होता. रात्रंदिवस तो कोट त्यांच्या अंगावर होता, आत अस्तर नसल्यासारखा टोचत.

गंमत अशी, की हा माणूस जन्मात कधी जळला नव्हता. बायको या दुकानात काजं करायला आली तेव्हा इथला इस्त्रीवाला तिचे रुमाल फुकट इस्त्री करून देई. सगळे तिला चिडवत. मास्तर एकटेच रुमाल उलटसुलट करून म्हणाले होते, की कडा छान बसवल्यात.

कुजबुजीत मात्र खरंच काहीतरी होतं. मास्तरांनी कापलेला तो पुढचा भाग खांद्यात चुकला होता. सुतळीच्या ते लगेच लक्षात आलं, पण मास्तरांना सांगायची दोघांचीही छाती होईना. जेवणानंतर मास्तर डुलकी घेत तेवढ्यात दोघं मिळून खांदा उसवत, आतलं कापड थोडंथोडं बाहेर काढत आणि पुन्हा टाचत. भरपूर कापड आत होतं म्हणूनच निभावत होतं.

त्या दुपारी मास्तरांना डुलकी लागली नाही. त्यांनी पडदा सारला. बायकोने तो अर्धा कोट अंगावर चढवला होता आणि सुतळी तिच्या खांद्यावर हात ठेवून टाचणी लावत होता.

“कधीपासून चाललंय हे?” मास्तर म्हणाले.

दोघांनाही वाटलं, कोटाची चूक पकडली गेली. बायको पुटपुटली, “तुम्हाला वाईट वाटेल म्हणून नाही सांगितलं.”

यापुढे मास्तरांना काही ऐकायचंच नव्हतं. ते काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. सुतळीने गळ्यातली टेप काढली, गुंडाळली, टेबलावर ठेवली. “मास्तर, मी काकूंना आईच्या जागी मानतो,” एवढंच म्हणाला आणि चपला घालून निघून गेला.

बायको रडली नाही. आत जाऊन बॅग भरू लागली. बहिणीकडे जाते म्हणाली. या वयात असलं ऐकून घेत या घरात राहायचं नाही. मास्तर दारात उभे राहून पाहत होते. थांब म्हणावं असं वाटत होतं आणि बहिणीचं निमित्त करून ही नक्की कुठे जातेय, असंही वाटत होतं.

बॅगेचा बंद निघाला होता. तो शिवायला तिने दोरा घेतला आणि मास्तरांच्या डब्यातली लहान कात्री उचलली. कात्री उघडेना. पात्यांच्या सांध्यात पांढरं काहीतरी साचलं होतं. खडू लागलेल्या बोटांनी कोणी या कात्रीला शिवलं तरी मास्तर दुकान डोक्यावर घेत. तिने ती पांढरी पूड बोटावर चोळली. खडू सरकतो, ही चिकटत होती.

“अहो, हे काय कापलंत?”

मास्तरांनी सांगितलं. लपवण्यासारखं त्यात काही आहे, असं त्यांना वाटतच नव्हतं. उलट किती बरोबर अर्धी होते तेही सांगितलं.

बायको बॅगेवरच बसली. डॉक्टरीणबाईंचं ते स्वभावाचं बोलणं मास्तर विसरले होते, ती विसरली नव्हती. तिने बोटावरची पूड पुसली. मग म्हणाली, “उद्या आधी दवाखाना. बहिणीकडे जायचं की नाही ते तिथून ठरेल. आणि आज जे मला बोललात ते तिथे तुमच्या तोंडाने सांगायचं. मी सांगणार नाही.”

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी हात पाहिला, चालवून पाहिलं, झोप विचारली आणि नेहमीप्रमाणे विचारलं, की स्वभावात काही बदल? मास्तर म्हणाले, नाही. शेजारी बायको मांडीवर बॅग घेऊन बसली होती. बॅगेचा बंद तिने हातात घट्ट धरला.

मास्तरांनी तो हात पाहिला. मग ते जमिनीकडे बघत म्हणाले, “मला वाटतं, हिचं आणि आमच्या कटरचं काहीतरी आहे.” आणि पुढे, “गोळ्या कापून जास्त घेतो मी.”

बाईंना धक्का बसलेला दिसला नाही. काही लोकांमध्ये या औषधाने संशय डोकं वर काढतो, त्यात तुमची रोजची गोळी आणि वर तो तुकडा, असं त्यांनी समजावलं. सावकाश विरघळायची गोळी कापली की दिवसभराचं औषध एकदम अंगात येतं. मास्तरांनी आत कापड ठेवायची आपली रीत सांगितली, तशा बाई जरा हसल्या. “कोटातलं कापड तुम्ही उसवेपर्यंत गप्प बसतं. पोटातलं बसत नाही.”

मास्तर म्हणाले, मग आजपासून बंदच करतो. बाई एकदम गंभीर झाल्या. तेही नाही, हे औषध एकाएकी सोडलं तर जिवावर बेतू शकतं. अर्धे तुकडे आजच थांबवायचे, अख्खी गोळी त्या सांगतील तशी पायरीपायरीने उतरवायची आणि मधूनमधून दाखवायला यायचं. हात पूर्वीइतका चालेल असं वचन मात्र देता येणार नाही.

“म्हणजे ते सगळं खोटं होतं?” मास्तरांनी विचारलं.

“तुम्हाला ते आज खोटं वाटणार नाही. तेव्हा आज काही ठरवू नका.”

मास्तर घरी आले ते सरळ पडद्याकडे गेले आणि कड्यांसकट तो काढला. कपाटातल्या जुन्या उरलेल्या पट्ट्या बायकोने औषधांच्या दुकानात परत नेऊन दिल्या. बॅग तिने रिकामी केली, पण कपाटावर न ठेवता काही दिवस दाराशीच राहू दिली. कोटाच्या खांद्याचं खरं काय ते बायकोकडून कळल्यावर सुतळीला बोलवायला मास्तर स्वतः गेले, पाय ओढत, आणि त्याच्या दारात उभे राहून म्हणाले, की खांदा मीच चुकवला होता. सुतळीने चपला घातल्या आणि त्यांचा हात धरून त्यांना परत आणलं.

जळणं लगेच गेलं नाही. बायको हसली की पोटात काहीतरी टोचे. तसं झालं की सांगायचं, असं ठरलं होतं. “टोचलं,” मास्तर खुर्चीतून म्हणत. “कुठे?” ती काज करता करता विचारी. “तो पाणी प्यायला तेव्हा.” सुतळी बिचारा तहान मारू लागला. गोळी उतरत गेली तसा अंगठा पुन्हा थरथरू लागला, खडूची रेघ वाकडी होऊ लागली, आणि टोचणं विरळ होत गेलं. एके दिवशी सुतळीने मास्तरांसमोरच त्यांची नक्कल केली. बायको खूप वेळ हसली, आणि मास्तरांना आठवलंच नाही ते हसू मोजायचं.

संध्याकाळी दुकान आवरताना तिने विचारलं, “खरं सांगा, ते सगळं गोळीचंच होतं? थोडंसुद्धा तुमचं नव्हतं?”

हे आपल्यासाठी कधी जळतच नाहीत, ही इस्त्रीवाल्याच्या वेळेपासूनची तिची तक्रार मास्तरांना ठाऊक होती. थरथरणारा हात त्यांनी दुसऱ्या हाताने धरला.

“थोडं आत ठेवलेलं असतं,” ते म्हणाले.