गनीभाईंची हजेरी

गनीभाई मुलाणींच्या नाकावर राग असायचा तो चष्म्यासारखा, झोपताना काय तो उतरायचा. दौंडच्या रेल्वेत टेलिफोनच्या खांबांवर चढण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. रिटायर झाल्यावर माणसं देवधर्माला लागतात, ह्यांनी स्वतःच्या गच्चीवर एक खांब उभा केला. खांबावरून तांब्याची तार दोन्ही बाजूंना उतरायची आणि तिथून एक केबल खिडकीतून आत, टेबलावरच्या रेडिओत जायची. हा रेडिओ गाणी ऐकायचा नव्हे, बोलायचा. सरकारी परीक्षा देऊन, तारेची मोर्स लिपी शिकून त्यांनी त्याचा परवाना काढला होता. कोणी "म्हणजे वॉकीटॉकीच ना?" असं विचारलं की त्याला चहा मिळत नसे.

घरात ते एकटेच. बायको नूरबी जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. बहिणीची पोरगी सायमा त्यांनीच लहानाची मोठी केली, पण ती आता नवऱ्याबरोबर शिरूरजवळच्या कारेगावला खोली घेऊन राहत होती आणि कंपनीत शिफ्टला जात होती. गनीभाईंच्या ओळीतली दोन घरं कुलूपबंद, पलीकडे गोदामाची भिंत. उद्या हा माणूस घरात पडला तर कळणार कुणाला? दुसऱ्यांना हा प्रश्न पडायच्या आधी त्यांना स्वतःलाच पडला होता, आणि त्याचं उत्तर त्यांनी शोधून ठेवलं होतं. सकाळची हजेरी.

रोज सकाळी चहा झाला की गनीभाई रेडिओवर बसायचे आणि ठरलेल्या जागी, म्हणजे चौघांच्या ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर, नावं पुकारायचे. पाटसचे पोपटराव, शिरूरचे हौशीराम, शिक्रापूरचा ज्ञानदेव. तिघेही परवानेवाले. "हाजर" म्हणायचं, जेवणखाण, गुडघे, पाऊसपाणी बोलायचं आणि उठायचं. नियम एकच होता. आधी न सांगता कुणी हजेरीला नसला, तीनदा पुकारूनही उत्तर आलं नाही, तर जो जवळ असेल त्यानं त्याच्या घरी जायचं. फोन करायचा नाही, जायचं.

"फोनवर माणूस बराय म्हंतो आन् गप पडून ऱ्हातो," असं त्यांचं म्हणणं. "आन् कवा बोलायलाच आलं न्हाई, तर माइकचं बटण दाबा आन् त्यावर नखानं टिचक्या मारा. मला कळंल."

ह्या नियमाची पहिली थट्टा पोपटरावांनी केली, आणि पहिला फायदाही त्यांनाच झाला. घरची सगळी मंडळी लग्नाला गेलेली असताना पोपटराव न्हाणीत घसरून पडले, मांडीचं हाड मोडलं. इकडे तिसऱ्या हाकेलाही उत्तर आलं नाही तेव्हा गनीभाई रेडिओ तसाच चालू ठेवून बाहेर पडले, हायवेला हात दाखवून उसाच्या रिकाम्या ट्रॅक्टरवर बसले आणि पाटसला पोचले. दार मोडून त्यांनी पोपटरावांना बाहेर काढलं. तिथंही आधी शिव्याच दिल्या. पोपटराव मात्र पुढे कितीतरी दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "ह्यो गडी व्हता म्हून म्या हाय."

अशी ही सोन्यासारखी चाल. ती मोडली कुणी? कुणा दुष्टानं नाही. चांगल्या, प्रेमळ माणसांनीच मोडली, आणि सोयीसाठी मोडली.

आधी हवा खराब झाली. जिकडेतिकडे एलईडीचे दिवे, सोलरचे डबे, स्वस्तातले चार्जर. त्यांचा सगळा कचरा रेडिओत यायचा आणि खरखरीतून माणसाचा आवाज चिमट्यानं उचलावा लागायचा. हौशीरामांचे कान आधीच गेलेले, ते वैतागले. पोपटरावांच्या पोरांनी घरावर मजला चढवला, त्यात तार उतरली ती उतरलीच. ज्ञानदेवाच्या सोसायटीनं गच्चीवरचा खांब "दिसायला वंगाळ" म्हणून काढायला लावला. मग ज्ञानदेवानंच तोडगा आणला. मोबाईलवरचं एक अ‍ॅप. त्यात रेडिओचं चित्र, फिरवायला चकती, चकती फिरवली की वेगवेगळ्या जागा. तार नको, खांब नको, परवाना नको. आवाज इंटरनेटवरून जाणार, पण वाटणार रेडिओसारखंच. आणि जो कोणी आत असेल त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका.

ज्ञानदेव ते दाखवायला मुद्दाम दौंडला आला. गनीभाईंनी मोबाईल कानाला लावून ऐकलं.

"ही खरखर कुठनं येती?"

"ती त्यांनीच घातलीय गनीभाई. खऱ्यासारखं वाटावं म्हणून."

गनीभाईंनी मोबाईल कानापासून लांब धरला. "खरखर काढता काढता माजा जल्म गेला, आन् ह्ये मुद्दाम घालत्यात? भाजीत खडे घालून देशील उद्या, घरच्यासारखी लागावी म्हून."

ज्ञानदेव हसला. पोपटराव हसले, हौशीराम हसले, आणि तिघेही अ‍ॅपवर गेले. पोपटरावांना तर तिथं लंडनचा कुणी सरदारजी भेटला, ते हरखून गेले.

गनीभाई वर्षभर एकटेच रेडिओवर बसले. रोज सकाळी तिन्ही नावं पुकारायचे, प्रत्येक नाव तीनदा, आणि उत्तर येत नाही हे ठाऊक असूनही मध्ये थांबायचे. नियमाप्रमाणे त्यांनी रोज तीन घरी जायला हवं होतं. ह्याला कुणी वेड म्हणेल. मला त्यांचं वाईट वाटतं, दुसरं काही नाही.

शेवटी सायमानंच आपला जुना मोबाईल आणून त्यात ते अ‍ॅप घालून दिलं. "मामू, ते लोक तिकडंच हायत ना. मग तुमी हितं एकटं कुणाशी बोलताय?" गनीभाईंनी जुना बटणांचा फोन तिच्या हवाली केला आणि ह्या मोबाईलमध्ये कार्ड घातलं. रेंज फक्त पुढच्या उंच खिडकीत यायची, म्हणून मोबाईल तिथंच, चार्जरला लावून, चोवीस तास. अ‍ॅप बंद कसं करायचं ते त्यांना कुणी शिकवलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही.

अ‍ॅपवर त्यांनी हजेरी पुन्हा सुरू केली. पण तिथं हजेरी टिकेना. गनीभाई पुकारायचे, "पाटस, पोपटराव," आणि पोपटराव चहा पीत गप्प. दुसऱ्यांदा पुकारलं, तिसऱ्यांदा पुकारलं, की मग वैतागून बोलायचे.

"अवो, हिरवं दिसतंय न्हवं तुमाला? म्या हाय म्हून तर हिरवं हाय!"

"पोपटराव, ठिपका म्हंजी मोबाईल जित्ता हाय. माणसाचं काय?"

"काय अभद्र बोलताय सकाळच्या पारी!"

ज्ञानदेव मध्ये पडला. म्हणाला, "गनीभाई, आता पुकारायची गरज न्हाई. उघडून बघायचं, चारी ठिपके हिरवे असले की झाली हजेरी." हौशीरामांना ते पटलं, पोपटरावांना तर फारच पटलं. ज्या नियमानं त्यांचा जीव वाचला तो त्यांनी असा चहाच्या घोटाबरोबर सोडून दिला. माणूस उपकार विसरत नाही हो; तो उपकार करणाऱ्याचं नाव लक्षात ठेवतो आणि रीत विसरतो.

गनीभाई रुसले. त्यांनी अ‍ॅपवर बोलणं सोडलं. नाव मात्र हिरवं असायचं, कारण मोबाईल खिडकीत चालूच होता. मंडळी म्हणायची, "म्हातारं फुगून बसलंय, पण ऐकतंय बरं का सगळं." आणि गनीभाई? ते पुन्हा रोज सकाळी आतल्या खोलीत रेडिओवर बसून रिकाम्या हवेत तीन नावं पुकारत होते.

उन्हाळ्यात, मे महिन्यात, ते टेबलापाशीच पडले. अर्धं अंग गेलं. दाराला आतून कडी. मोबाईल पुढच्या खोलीत, उंच खिडकीत.

सायमा दर रविवारी फोन करायची. त्या रविवारी फोन वाजत राहिला. गनीभाई कानावर हेडफोन घालून बसले की फोन उचलत नसत, म्हणून तिनं संध्याकाळी परत केला, सोमवारी शिफ्टवरून येऊन परत केला. मग मात्र तिला राहवेना, आणि तिनं ज्ञानदेवाला विचारलं.

"ज्ञानदेवदादा, मामू फोन उचलंनात. मी येऊ का बघायला?"

ज्ञानदेवानं तिथल्या तिथं अ‍ॅप उघडलं. "अगं, हायत की! आत्ता माज्यासमोर हिरवं दिसतंय. कशाला सुट्टी काढतीस? राग आलाय त्यांना, आमच्याशीबी बोलत न्हाईत."

सायमाच्या जिवात जीव आला. इतकी वर्षं मामू ज्या माणसांच्या भरवशावर एकटे राहिले त्यांच्यातलाच एक माणूस सांगत होता. तिनं का विश्वास ठेवू नये? पाटसहून दौंडला यायला कितीसा वेळ लागतो. पण पोपटरावांना कुणी सांगितलंच नाही, कारण सांगण्यासारखं काही झालंय असं कुणाला वाटलंच नाही.

गुरुवारी कंपनीला सुट्टी होती. सायमा कारेगावहून एसटीनं दौंडला आली. दार वाजवलं, हाका मारल्या, मग गोदामावरच्या हमालांना बोलावून दार तोडलं. गनीभाई टेबलाखाली होते. रेडिओ चालू होता, खरी खरखर चालू होती, आणि माइक वायरीसकट खाली ओढलेला. चांगल्या हाताचा अंगठा बटणावर होता. पडताक्षणी गेले नाहीत, एक-दोन दिवस असतील, असं डॉक्टर म्हणाले. माइकच्या जाळीवर नखानं खरवडल्याच्या खुणा होत्या. सायमाला त्या कशाच्या ते कळलं नाही. माती द्यायला आलेल्या पोपटरावांना बघताक्षणी कळलं आणि त्यांनी जाळीवर नखानं एक टिचकी मारून तिला दाखवली. ज्या जागी गनीभाई टिचक्या मारत होते, त्या जागी ऐकायला एकाच्याही घरी तार उरली नव्हती.

कब्रस्तानातून परत आल्यावर ज्ञानदेव दाराबाहेर ओट्यावर बसला. त्यानं मोबाईल काढला, सवयीनं अ‍ॅप उघडलं आणि तो रडायलाच लागला. पोपटरावांनी त्याच्या हातातून मोबाईल घेऊन बघितलं. चार नावं, चारी हिरवी.

पोपटराव काठी टेकत उठले. पुढच्या खोलीत गेले, खिडकीतला चार्जर उपटला आणि गनीभाईंच्या मोबाईलचं बटण तो विझेपर्यंत दाबून धरलं. तेव्हा कुठं गनीभाईंची गैरहजेरी लागली.