पदवीवरची ऋतुजा

ऋतुजाच्या एमसीएचं एकच सेमिस्टर उरलं होतं तेव्हा सोलापूरचं स्थळ आलं. मुलगा नंदीश, इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान. "शिकू देऊ की," असं त्यांनी बैठकीतच सांगितलं, आणि शब्द पाळला. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं 'सिद्धेश्वरी' लिहिलं गेलं. हे नाव सासूबाईंनी, चन्नम्मांनी ठरवलेलं. कुणी तिला विचारलं नाही, आणि विचारावं असं तिलाही वाटलं नाही. तिच्या आईचंही असंच बदललं होतं.

नंदीश हौशी. महिन्याभरात ओळखीनं नगरसेवकाचा दाखला मिळवला, दुकान बंद ठेवून रांगा लावल्या आणि आधार, पॅन, बँक, सगळीकडे बायकोचं नवं नाव करून आणलं. कॉलेजात मात्र दहावीपासूनचं जुनंच राहिलं.

पहाटे भाकऱ्या उरकून तिनं प्रोजेक्ट पुरा केला. पहिला वर्ग आला. पुण्याच्या एका कंपनीनं ऑनलाइन मुलाखत घेतली. ती चालली तेवढा वेळ चन्नम्मांनी टीव्ही बंद ठेवला, कुकरही लावला नाही. नोकरी मिळाली. माहेरी, मैंदर्गीत तिच्या वडिलांनी, शिवलिंगप्पांनी, अख्ख्या बाजारात पेढे वाटले.

रुजू व्हायला आठवडा असताना कंपनीतल्या मुलीचा फोन आला.

"मॅम, डिग्री ऋतुजाची आहे. आधार सिद्धेश्वरीचं."

"दोन्ही मीच."

"तसं कागदावर हवं. मॅरेज सर्टिफिकेट किंवा राजपत्र. शुक्रवारपर्यंत."

लग्नाची नोंदणी झालीच नव्हती. दोन हजार माणसं जेवून गेल्यावर आणखी नोंद कशाला, असं दोन्ही घरांना वाटलं होतं.

"अगं, अल्बम पाठव की!" चन्नम्मा म्हणाल्या. "तांदळात नाव लिहितानाचा फोटोच हाय त्यात."

नंदीश चार दिवस कचेऱ्यांतून फिरला. राजपत्रात नाव छापून यायला चौथा आठवडा उजाडला. तिनं लगेच फोन केला.

"जागा भरल्या, मॅम."

"पुढच्या वर्षी?"

"फ्रेशर्समध्ये आम्ही त्याच वर्षी पास झालेले घेतो."

नंदीश तिच्याशेजारी बसला. "दुकानात कॉम्प्युटर घेऊ," तो म्हणाला. "तूच बघ सगळं. शिक्षण वाया जायचं न्हाय." त्यानं ते मनापासून म्हटलं होतं, म्हणून तिला भांडताही येईना. वडिलांचा फोन आला, तेव्हा "तारीख पुढं गेलीय" एवढंच ती बोलली. "जाऊ दे की, कंपनी मोठी हाय, वेळ लागणारच," ते म्हणाले, आणि पलीकडे कुणाला तरी तेच मोठ्यानं सांगू लागले.

त्या दिवशी ती जेवायला उठली नाही. चन्नम्मा बराच वेळ ताट वाढून बसल्या. मग घरात पहिल्यांदाच त्यांनी तिला जुन्या नावानं हाक मारली.

"ऋतुजा, ये गं. दोन घास खा."

ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. शेजारच्या कुणाला तरी हाक मारताहेत, असं समजून ती तशीच पडून राहिली.